आंबिवलीची बचाता

आंबिवलीहून निघाले त्या सकाळी चाळीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या. नर्सिंग करून न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली चाळीतली मी पहिलीच. आई डोळ्यांना पदर लावून उभी. बाबा टॅक्सीच्या टपावर माझी बॅग दोरीने बांधत होते. गाठ पक्की झाल्यावर एवढंच म्हणाले, "जयभीम, बेटा. जपून राहा." विजू, तू तेव्हा दहावीत होतीस. रडत होतीस, पण ताईची सायकल आता तुझी झाली याचा आनंदही लपत नव्हता.

बाबा कारखान्यात फिटर आणि गायन पार्टीत ढोलकी वाजवणारे. जयंतीच्या दिवसांत त्यांना कल्याणपासून पार ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत बोलावणी असायची. आमच्या घरात गाणं भरपूर होतं, नाच मात्र नव्हता. बाबांच्या मावशीचं आयुष्य तमाशाच्या फडात गेलेलं. मी सहा-सात वर्षांची असताना त्यांच्या ढोलकीवर नाचायला लागले, तर त्यांनी वाजवणंच थांबवलं. "आपल्या बायांना लोकांनी लई नाचवलं. तू शिकायचं." ओरडले नाहीत, म्हणूनच ते मनात बसलं.

न्यूयॉर्कचं पहिलं वर्ष ड्यूटी, लॉन्ड्री आणि कुकरमधला डाळभात यातच गेलं. आपल्यापैकी जे बाहेर गेले त्यांना सुट्टीचा दिवस किती लांब असतो ते सांगायला नको. माझ्याच वॉर्डातली योलांदा डॉमिनिकन, कॅरिबियन बेटावरची. एका रविवारी दुपारी ती मला ओढतच त्यांच्या वस्तीतल्या एका हॉटेलात घेऊन गेली. टेबलं भिंतीला सरकवलेली. एक गिटार, योलांदाच्या भावाचा बोंगो, आणि एकजण लोखंडी नळकांड्यावर काडी घासत होता. आज्या, नातवंडं, नवरा-बायको, सगळेच नाचत होते.

"ही बचाता," योलांदा म्हणाली. "आमच्याकडे सभ्य घरांत लावत नसत. गुत्त्यातलं, गरिबांचं गाणं म्हणायचे."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. तीन पावलं, चौथ्या ठोक्याला कंबर. चुकत चुकत जमलं.

मग दर रविवारी जाऊ लागले. घरच्या पत्रांत बर्फाबद्दल लिहायचे, पेशंटबद्दल लिहायचे, हे सोडून सगळं लिहायचे. बाबांचं अक्षर दिसलं की चोरी केल्यासारखं वाटायचं. असं तीन वर्षं चाललं.

विजू, तुझ्या लग्नाला आले तेव्हा हळदीच्या दुपारी तूच माझ्या बॅगेतली बचाताची कॅसेट काढून लावलीस आणि विचारलंस, "ताई, हे काय गं?" मी सांगून टाकलं. हळद कालवणारा आईचा हात थांबला.

"नाचतेस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कोणापुढं?"

"कोणापुढं नाही, बाबा. तिथं बघणारे वेगळे नसतात. सगळेच नाचतात. मला आवडतं."

बाबांनी उठून कॅसेट मागे फिरवली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. मान खाली घालून पूर्ण ऐकलं. मग खुंटीवरची ढोलकी उतरवली. "हा वाजवणारा चौथ्याला आवाज चढवतोय. असा?" दोन-तीनदा वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हं. चल."

मी नाचले. त्यांच्यासमोर, चाळीसमोर. बाबांचे डोळे भरले होते, पण ताल जराही सुटला नाही. शेवटी आईसुद्धा उठली, हळदीच्या हातांनी माझे हात धरून चार पावलं टाकली आणि हसत खाली बसली. माझ्या मनगटांवर तिची पिवळी बोटं उमटली होती.

अजूनही न्यूयॉर्कमध्येच आहे. रविवारी नाचून रात्री परतले की आंबिवलीला फोन लावते, तिथं तेव्हा सोमवारची सकाळ असते. आई विचारते, "घरी कधी येणार?" आणि मी चपला काढता काढता सांगते, "अगं, आत्ताच घरी आले." दोघीही हसतो. दोघींचंही बरोबर असतं.