नाराचं लोणचं आणि माझे सासरे

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द निघत नाही. 'बरं आहे' ही त्यांची सर्वोच्च पदवी. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं आमचं घर पाहून ते 'बरं आहे' म्हणाले, लंडन फिरवून आणलं तेव्हाही तेच. आमच्या गावात चौकाचौकात असलेल्या गोल वळणांना, राउंडअबाउटना, तर तेवढंही मिळालं नाही. "जावईबापू, इथे सरळ रस्ता म्हणून नाहीच का?" असं त्यांनी गाडीत मागे बसून विचारलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी त्या एका शब्दासाठी जीव टाकत होतो. हसा खुशाल, पण ज्यांनी आपली एकुलती एक मुलगी दिली त्यांना आपण आवडलो की नाही, हे कळू नये म्हणजे काय!

सासरे नागपूरचे, दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. आमच्या वरातीत नाचणाऱ्या माझ्या एका मित्राला त्यांनी लांबूनच हेरून, रिक्षात बसवून घरी पाठवलं होतं.

गेल्या वर्षी ते आमच्याकडे आलेले असतानाच बायकोच्या कंपनीने तिला आठवडाभर ओसाकाला पाठवलं. मी रजा टाकली आणि आम्ही दोघेही तिच्या मागोमाग गेलो. तिच्या मीटिंगच्या दिवशी मी सासऱ्यांना ट्रेनने नारा दाखवायला नेलं. नारा म्हणजे जपानची फार जुनी राजधानी. आज 'छान' वदवून घ्यायचंच, असं मी सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं.

सुरुवात झकास झाली. तिथल्या बागेत हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी माणसापुढे मान लववतात. पहिल्याच हरणाने मान लववली तशी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पिशवी खांद्याला अडकवून दोन्ही हात जोडले आणि रीतसर नमस्कार केला. हरणाने पुन्हा मान लववली. बाबांनी पुन्हा नमस्कार. हा शिष्टाचार बराच वेळ चालला. तेवढ्यात दुसऱ्या हरणाने मागून येऊन माझ्या हातातला नकाशा ओढला आणि अर्धा खाऊन टाकला.

"वा रे बापा! तुमचा प्लॅनच खाल्ला की," बाबा म्हणाले, आणि चक्क हसले. मी आशेने पाहिलं. "कशी वाटली हरणं?"

"बरी आहेत."

मग लाकडाच्या त्या प्रचंड देवळात गेलो. आतली बुद्धाची मूर्ती पाहून माझा आ वासलेलाच राहिला. बाबा बराच वेळ हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं आहे. तुम्ही आमची दीक्षाभूमी नीट पाहिली आहे का कधी?"

जेवायला तिथली खासियत म्हणून भाजलेल्या चहात शिजवलेला पातळ मऊ भात मागवला. ते शाकाहारी, त्यामुळे मी दुकानदाराला फोनवर भाषांतर दाखवून तीनतीनदा खात्री करून घेतली होती. बाबांनी वाटी संपवली. "हे टायफॉइडनंतर देतात ना?" त्यांनी विचारलं. पुढे एका दुकानासमोर दोन माणसं ओरडत ओरडत उखळात भात कुटून हिरवे लाडू करत होती. ते गरम, लिबलिबीत लाडू बाबांनी दोन खाल्ले. तेही बरे होते. माझा धीर सुटत चालला होता.

परतीच्या वाटेवर लोणच्याचं दुकान लागलं. काउंटरवर तपकिरी रंगाच्या, चकचकीत फोडी चाखायला ठेवल्या होत्या. बाबा लोणच्याचे दर्दी. मी काडीला फोड टोचून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हुंगली, तोंडात टाकली, डोळे मिटले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "छान."

मला गहिवरूनच आलं. ते आणखी दोन फोडी खात होते तेव्हा मी कौतुकाने पाकिटावरचा मजकूर फोनने वाचला. साके ही तिथली तांदळाची दारू. ती गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यात भोपळा, काकडी मुरवून हे लोणचं करतात. मी पाकीट हळूच उलटं करून ठेवलं.

"दोन पाकिटं घ्या," बाबा म्हणाले. "भाद्रपदात महालक्ष्म्या बसतील, त्यांच्या ताटात डाव्या बाजूला हेच वाढू."

मी पाकिटं घेतली आणि बायकोला मेसेज केला. तिचं लगेच उत्तर आलं, 'ओ माय गॉड. आत्ताच्या आत्ता सांग. नैवेद्यात गेलं तर आई मला घरात घेणार नाही.' सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांनी मिळालेला शब्द परत करायचा. क्षणभर वाटलं, पाकीट ट्रेनमध्येच विसरावं. पण देवीच्या पानाशी खेळ करायचं धाडस माझ्यात नाही.

वाटेतल्या एका तळ्याकाठच्या बाकावर बसल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. "बाबा, माफ करा, मला माहीत नव्हतं. ते लोणचं दारूच्या चोथ्यातलं आहे."

बाबा तळ्यातल्या कासवांकडे बघतच म्हणाले, "हुंगलं तेव्हाच कळलं मला. उभा जन्म दारूबंदीत गेला, जावईबापू."

"मग खाल्लंत कशाला?"

"आता लोणच्यावर काय धाड घालणार? आणि तुम्ही सकाळपासून माझ्या तोंडाकडे पाहत होता, काडी तर माझ्या नाकाशीच आणून धरलीत. नाही कसं म्हणू?"

"आणि महालक्ष्म्या?"

"देवीला आपलं आंब्याचंच. तुम्ही फोनमध्ये वाचलंत अन् चेहरा पडला. म्हटलं महालक्ष्म्यांचं नाव काढून पाहू, सांगता की नाही."

मी खाली मान घातली. म्हणजे ते 'छान' माझं मन राखायला म्हटलं होतं तर. हसू आलं आणि वाईटही वाटलं. "म्हणजे खोटंच म्हणालात," मी पुटपुटलो.

"खोटं मी कोर्टातही कधी बोललो नाही." त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "लोणचं बरं आहे. छान मी तुम्हाला म्हणालो."