पुसट मामा

आठवीतून शाळा सुटली आणि शेटजींच्या मागं तमिळ मुलखात आलो. सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर त्यांनीच मला माणसात आणलं. तापानं पडलो तेव्हा उशाशी बसून तांदळाची कण्हेरी पाजली. त्यामुळं त्यांच्या मुलीचा साखरपुडा वडूजला ठरला आणि ते म्हणाले, "फोटो तूच काढ रं, घरचा माणूस हायस," तेव्हा आनंदाच्या आधी मला घामच फुटला.

माझ्याकडं जुना मिररलेस कॅमेरा होता, त्याच्याबरोबर आलेली छोटी झूम लेन्सही होती. पण मोबाईलवरचे सगळे जाणकार एकच सांगत होते : कमी पैशात पन्नासची, एक-पॉइंट-आठची लेन्स घ्या, आकडा लहान असला की मागचं सगळं सायीसारखं मऊ, पुसट होतं.

मिरजेला उतरून थेट सांगलीतलं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान गाठलं. पहिली लेन्स तांब्याएवढी. किंमत ऐकून दोन्ही हातांनी परत ठेवली. दुसरीत टॉर्च मारला तर आत बुरशी. तिसरी पन्नासची, स्वच्छ. तरी धीर होईना. "सोन्यासारखं कसोटीवर घासून बघता येत नाही का हो?"

"घासा की," दुकानदार म्हणाला, "मग ती तुमचीच."

घेतली. आणि साखरपुडाभर तिचा आकडा एक-पॉइंट-आठवरून हलवला नाही. पैसे त्याचेच दिले होते; पुढं सरकवला तर फुकट जातील असं वाटायचं.

फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेले. शेटजींच्या घरात कौतुक चाललेलं, तेवढ्यात रहिमतपूरहून नवरीच्या मामांचा फोन. शेटजींनी तो स्पीकरवर घेतला, हीच चूक.

"दाजी, शेजाऱ्याला कौतुकानं फोटू दावला. तर म्हणतोय, तुमी गेला न्हवता व्हय? पोरीच्या मागं मीच हुबा हाय, पर माझं तोंड पुसलंय! आता बोहल्यावर आणायला दुसरा मामा बघा."

फोन बंद. भावाचं बोलणं ऐकून वहिनींच्या हातातला घास ताटात परत गेला. शेटजी ताटावरून उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळच्या एसटीनं रहिमतपूर गाठलं. मामा अंगणात बसले होते. कॅमेरा बघून म्हणाले, "आता काय पुसायचं राह्यलंय?"

"आवं मामा, ही लेन्स एकालाच धरती. मागचं सोडून देती."

"म्हंजे मशीनला मानपान कळत न्हाई."

"मशीनला कुठनं कळंल? मलाच कळला न्हाई."

"एक फोटो तुमचा एकट्याचा काढू?" म्हटलं. "काय गरज न्हाई," म्हणाले, आत गेले आणि फेटा बांधून आले.

फोटो काढून पडद्यावर दाखवला. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. मामा बघत राहिले, मग डोळे बारीक करून म्हणाले, "मागं शेजाऱ्याचा दुमजली बंगला हाय. त्यो कुठं गेला?"

"पुसला."

मामा असे हसले की फेटा कानावर आला. "अगं ए, च्या टाक! दूध जास्त घाल, पोरगं लांबनं आलंय!"

लग्नात मी बरोबर आलेली छोटी झूमच लावली आणि आकडा आठावर नेऊन ठेवला. अंतरपाटापलीकडं मामा भाचीचा हात धरून आले, तेव्हा चौकटीत मागच्या रांगेतल्या आत्याची नथसुद्धा स्पष्ट होती. शेटजींनी लांबून नुसती मान हलवली. मला तेवढं पुष्कळ झालं.

अक्षता पडल्यावर मामा माझ्यापाशी आले. गळ्यातल्या कॅमेऱ्याची लेन्स न्याहाळली.

"ही ती न्हवं?"

"न्हाई मामा. ही सगळ्यांना धरती."

"बेस केलंस." मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "पर ती पुसायची खिशात हाय न्हवं? शेजारी जेवायला बसलाय. माझा एक काढ, त्यो मागं ईल असा."