लुगडं मी शोधलं, टाळ्या अक्काला

अक्का आज गेली. आणि माणसांनी भरलेलं अंगण बघून मला तिचा हेवा वाटला.

माझ्या वेळेला एवढे लोक येतील का, हा विचार आधी आला. रडू नंतर.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. देगलूरला आमचं लोहाराचं घर. तिचे मालक, म्हणजे आमचे दादा, ऐरणीवर तापलेलं लोखंड धरायचे आणि अक्का वरून घण घालायची. मी भाता ओढायची.

लातूर नवा जिल्हा झाला होता त्या सुमाराची गोष्ट. दुष्काळ पडलेला. पेरणीच नाही, तर फाळ शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, कोण येणार? भट्टी थंड. माझे मालक कामाला हैदराबादला गेलेले.

तेवढ्यात लातूरहून निरोप आला. नव्या जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन आहे, त्यात निजामाच्या काळातला लोहार लोकांसमोर काम करताना दाखवायचा. कपडेही त्याच काळातले पाहिजेत. लोकांना आवडलं तर पुढेही प्रोग्रॅम मिळतील.

दादा म्हणाले, "कपड्याचं सुमन बघंल. तिला त्यातलं कळतंय."

मला केवढा आनंद झाला होता!

दादांचं सोपं होतं. गुडघ्यापर्यंत धोतर, बंडी, मुंडासं. प्रश्न बाईचा होता. आमच्या घरात सगळं मिलचं छापील कापड. मी बाजारातल्या म्हाताऱ्या कापडवाल्याला विचारलं, त्या काळी कष्टाच्या बाया काय नेसायच्या? तो म्हणाला, "जाडं सुती लुगडं, काळपट निळं, लाल काठाचं. आता कुठं मिळतंय?"

मिळालं. भाजी विकणाऱ्या एका म्हातारीच्या गाठोड्यात. ती देईना. शेवटी माझ्या लग्नातली साडी तिला दिली, तेव्हा सोडलं तिनं.

लग्नातली साडी!

कारण ते लुगडं मी नेसणार होते. घण मी घालणार होते. वयानं लहान, दिसायला बरी. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं.

घरी प्रॅक्टिस केली. मला सवय सहावारीची. कासोट्यात पाय अडखळला आणि घण ऐरणीच्या कडेवर बसला. दादांच्या बोटांजवळ.

दादा ओरडले, "सुमन, हात तोडती का माझा!"

मग लुगडं अक्काला गेलं.

मी स्वतः नेसवलं तिला. पदर खोचून दिला. आणि तिनं घण उचलला तेव्हा मला कळलं, की हे आता आपल्याला परत मिळत नाही. कपडा माझ्या अंगावर सोंग वाटत होता. तिच्या अंगावर तो जन्मापासूनचा वाटत होता.

लातूरच्या मैदानात माणसांना उभं राहायला जागा नव्हती. घण पडला की टाळ्या. पेपरात फोटो आला. अक्का मधोमध, दादा अर्धे.

मी भात्यामागे. फोटोत माझा फक्त हात.

प्रोग्रॅम मिळत गेले. उदगीर, शिरूर अनंतपाळ, पार किनवटच्या होस्टेलपर्यंत. दुष्काळात आमची चूल त्यावर चालली. प्रत्येक वेळी मी नेसवायची, ती मिरवायची.

बरं, तिनं निदान भांडकुदळ तरी असावं की नाही! तेही नाही. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "हे सगळं आमच्या सुमनचं हाय. मी नुसती नेसती."

अजून राग यायचा मला.

मग नांदेडचा प्रोग्रॅम आला. तिथल्या आयोजकानं नाटक कंपनीतून कॉस्च्युम मागवले होते. दादांना मखमली जाकीट, अक्काला टिकल्यांची झगमगीत साडी.

"स्टेजवर लाइट आहेत. हेच उठून दिसेल," तो म्हणाला.

मला सांगायचं होतं, असं कुणी नेसत नव्हतं. सांगायचं होतं, ठिणगी पडली की पेट घेईल हे. शब्द ओठांवर होते. पण प्रोग्रॅम गेला तर घरी काय शिजवायचं, हेही डोळ्यांसमोर होतं.

दादा पण थकलेले. म्हणाले, "नेस की. काय बिघडतंय?"

अक्कानं घण खाली ठेवला.

"न्हाई. सुमननं जे निवडलंय तेच नेसणार. न्हाईतर चला, एसटी धरू."

आयोजक चिडला. पण पाहुणे येऊन बसलेले, आणि घण घालणारं दुसरं कुणी नव्हतं. हात झटकून निघून गेला. अक्का माझ्या लुगड्यातच स्टेजवर चढली.

मी भाता ओढत होते आणि आतून जळत होते. ते 'न्हाई' माझं होतं हो. कपडे मी निवडलेले. म्हणायचं मी होतं. म्हणून टाकलं तिनं.

पुढे तिचे खांदे गेले आणि घण माझ्याकडे आला. तोवर कासोटा सवयीचा करून घेतला होता. पण जाईन तिथे लोक विचारायचे, "थोरल्या बाई नाही आल्या?"

मागच्या आठवड्यात दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. तिनं मला मोबाइलमधला व्हिडिओ लावायला सांगितला, मी घण घालतानाचा. लई वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "असं दिसतंय व्हय ते? मला कधी बघायलाच मिळालं न्हाई. मी घण मारत राहिली, अन् तू भात्यामागून रोज बघत राहिली. लई हेवा वाटायचा गं तुझा."

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

इतकी वर्षं जे मला तिला सांगायचं होतं, तेही तिनंच आधी सांगून टाकलं.

जा अक्का. तुझ्या धाकट्या जावेचा तुला मनापासून नमस्कार.