बुरुजाच्या जिन्यातली कुरकुर

वरणभात आणि वर गारेगार ताक, म्हणजे झोपेला अक्षत देऊन बोलावणंच. उज्ज्वला काळसेकर स्टुडिओतल्या गुबगुबीत खुर्चीत पाय वर घेऊन टेकते, ती फक्त पाच मिनिटं. कानावर हेडफोन तसाच. त्यात पन्नास वर्षांपूर्वी पुण्यातल्या पाच केसाळ पोरांनी केलेली इंग्रजी रॉक रेकॉर्ड वाजतेय. दारं नसलेला बुरूज, आत कोंडलेली बाई, जिना चढणारा पाहुणा. विलायती भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचून पोरं वेडावली होती. पण काय बांधलंय! एका बाजूला एकच सलग गाणं, आणि तेवीस मिनिटं मागे वळून बघायची हिंमत होत नाही.

रेकॉर्डची नवी आवृत्ती निघतेय. कंपनीला त्या पाहुण्याच्या पावलांखालची जिन्यातली कुरकुर नकोय, जुन्या टेपचा दोष म्हणे. उज्ज्वलाने ती सकाळीच पुसलीय आणि पाचला फाइल पाठवायचीय. पुसताना हात जड झाला होता. चर्चमधला ऑर्गन मिळेना म्हणून पोरांनी संगीत नाटकातली पायपेटी आणली होती, आणि ती वाजवणारे यशवंत काळसेकर म्हणजे तिचे वडील, अण्णा. जिन्याची कुरकुर म्हणजे पेटीचा भाता हलवणाऱ्या त्यांच्या पायांची.

डोळे मिटतात. ती जिना चढतेय. वरच्या पायरीवर नाट्यगृहातली वादकांची जागा आहे, आणि तिथे धोतर-कोटात अण्णा बसलेत. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, हे तिला आठवतं आणि त्याचं काही वाटत नाही.

"जेवलीस?"

"जेवले. अण्णा, तुम्ही इथे कसे?"

"पोरांनी बोलावलंय. अकरा मात्रांत वाजवतात गधडे, आणि समेला एकही चुकत नाही!" कौतुक त्यांच्या तोंडात मावत नाही.

आता भिंती दगडी आहेत. खिडकीबाहेर धुकं, आणि धुक्यात त्यांच्या जुन्या खोलीतली मोरी.

"रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला कुरकुर नाहीच, अण्णा. तिथे पाहुणा स्वतःच भूत होतो, म्हणून पावलं वाजत नाहीत. मोठमोठे लेख आहेत त्यावर."

अण्णा ओशाळतात. "कसलं भूत! पहिल्या दिवशी पोरं म्हणाली, कुरकुरू द्या. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं पेटीच्या बिजागऱ्यांना खोबरेल घातलं, प्रयोगाआधी घालायचो तसं. सगळे डोक्याला हात लावून बसले."

उज्ज्वला डोळ्यांत पाणी येईतो हसते. इतक्या वर्षांची समीक्षा खोबरेलात बुडाली की!

"तू पुसलीस ते बरं केलंस," अण्णा खाली बघत म्हणतात. "पेटी कुरकुरली की नाटक मंडळीचे मालक चारचौघांत बोलायचे. अजून लाज वाटते गं."

हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. तिचं हसू आटतं.

"अण्णा, तुमचा दुसरा एकही आवाज माझ्याकडे नाही. सूर कुणीही काढेल. ते पाय तुमचे आहेत. मी लहानपणी त्याच कुरकुरीवर झोपायचे."

अण्णा बाकावर सरकून जागा करतात. "बस. चपला काढ. आज तेल नाही घातलेलं."

पेटीच्या पायफळ्यांवर काथ्या ठोकलाय, तळव्यांना टोचतो. "उजवा, डावा. भाता रिकामा होऊ देऊ नकोस." ती पाय मारते आणि जिना कुरकुरायला लागतो. गिटार येते, ड्रम येतात, अख्खा बुरूज उभा राहतो. अण्णा डोळे मिटून वाजवतात. समोरच्या रांगेतल्या मालकांच्या खुर्चीकडे एकदाही बघत नाहीत.

"चांगलं वाटतंय की," ते नवलाने म्हणतात. "राहू दे मग."

जाग येते तेव्हा चार वाजून गेलेत. पहिलं काम म्हणजे ती पुसलेली कुरकुर परत आणते, सगळी. कंपनीला दोनच ओळी लिहिते: 'तो टेपचा दोष नाही. तो वादक आहे. त्यांचं नाव यशवंत काळसेकर, ते छापा.' फाइल जाते.

चहा ठेवायला ती उठते आणि पाय टेकताच कळवळते. दोन्ही तळव्यांवर काथ्याची जाळी उमटलीय, लालभडक, खोल. अख्ख्या स्टुडिओत काथ्याची एकही वस्तू नाही. ती पाय चोळत नाही. तशीच अनवाणी, हळूहळू ओट्याकडे जाते.