कानाचं माप

लग्नानंतर आम्ही जुन्नरला एका पत्र्याच्या शेडमागं राहायचो. शेडमध्ये आमचे हे पुतळे करायचे.

आणे गावचा एक माणूस मेलेल्या बायकोचा फोटो घेऊन आला. शेतात तिचा अर्धपुतळा बसवायचा होता. फोटो समोरून काढलेला. बाजूनं ती कशी दिसायची ते त्याला सांगता येईना. म्हणून ह्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि परकारानं माझ्या कानाचं, हनुवटीचं, मानेचं माप घेतलं. मला सातवा महिना होता.

"जित्या माणसाचं माप मेलेल्याला देत्यात व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, माती हाय ती."

"माती हाय म्हनूनच बोलतीय."

मला पोटातल्या बाळासाठी भीती वाटली.

लोखंडी सळईवर शाडू थापून ह्यांनी चेहरा केला. माती तडकू नये म्हणून वरचं गोणपाट ओलं ठेवायचं काम माझं. गोणपाट उचललं की समोरून ती बाई असायची. बादली घ्यायला बाजूला गेले की मी.

मग मातीवर प्लॅस्टर चढवलं. घट्ट होताना ते गरम होतं हे मला ठाऊक नव्हतं. हात लावला तर तापातलं अंग लागावं तसं लागलं. साचा उघडून आतली माती मीच खरवडून काढली. आत खोलगट, उलटा चेहरा राहिला. मी जिकडं सरकेन तिकडं तो वळायचा.

"माझं माप काढून टाका," शेवटी मी ह्यांना म्हटलं.

"आता कुठं काढू? सिमेंट भरायचंय."

सिमेंट वाळलं, साचा फोडला, तो माणूस आला. समोर उभा राहून रडला. मग बाजूला गेला आणि थबकला.

"भाऊ, कान हिचा न्हाई. पाळी फाटलेली व्हती. जड झुबे घालायची. लई सांगितलं, ऐकंल तर शप्पथ!"

ह्यांनी छिन्नी लावली. दर घावाला माझा हात कानावर जात होता.

"आता आली बघा," तो म्हणाला. टेम्पोत कडब्यावर तिला आडवी घातल्यावर माझ्याकडं वळला, "वहिनी, या एकदा आण्याला."

मुलगी झाली, धडधाकट झाली. पुतळ्याचा कान तेवढा त्या बाईचा झाला. हनुवटी अन् मान माझीच तिथं उन्हात आहे. नगरच्या एसटीत आणे जवळ आलं की मी डोळे मिटून घेते.