तरव्याची अट

भोरच्या स्टँडसमोर अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे. हिर्डोशीकडची एसटी सुटली की अब्बा मोबाईलवर एक बटण दाबतात आणि वरच्या गावांत मेसेज जातो : गाडी सुटली. रद्द झाली तर दुसरं बटण. हा प्रोग्रॅम माझा. पुण्यातल्या नोकरीत मी जे काही लिहिते, त्या सगळ्यापेक्षा मला याचाच अभिमान जास्त.

पण ज्या मावशींसाठी तो लिहिला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नव्हता. त्या हिर्डोशीच्या वरच्या अंगाला राहतात, भोरच्या बाजारात रानभाजी आणतात आणि पाटी घटकाभर अब्बांकडे ठेवतात, ती आमची ओळख. त्यांच्या घरी रेंज नाही. तासभर उतरून फाट्यावर उभं राहायचं, गाडी नाहीच आली तर गुडघे धरत परत चढायचं. मी कधीही गेले तरी मावशी पाटी भरता भरता उभ्यानंच बोलायच्या. चहा विचारायचीही सवड नसे. मला उपाय सुचेना, आणि ते मनाला फार लागलं होतं.

म्हटलं, कोड नेटवर मोकळा ठेवू, कुणाला तरी सुचेल. ठेवला. काही दिवसांनी वेल्ह्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. आमच्या गावांसाठी वापरू का, म्हणाल्या.

“घ्या की! विचारताय काय?”

“तसं चालत नाही. तुम्ही लायसन्सच लावलेलं नाही. कोड नुसता बघता येतो, वापरायचा हक्क कुणालाच नाही.”

मी चिडले. कोड लिहून पोट भरणाऱ्या मला शाळेतल्या बाई शिकवणार! तावातावानं शोधलं, तर बाई बरोबर. आमच्याकडे तोंडानं ‘घ्या की’ म्हटलं की देणं पुरं झालं; वर कागद केला तर समोरच्याला राग येतो. तीच सवय मी कोडला लावली होती.

आता निवड आली. एक लायसन्स म्हणतं, काहीही करा, फक्त माझं नाव ठेवा. दुसरं म्हणतं, घ्या, बदला, पण बदललेलं पुढं द्याल तेव्हा कोडसकट आणि याच अटीवर द्या. मला पहिलं आवडलं. खोटं कशाला बोलू, नावासाठीच आवडलं. पुण्यातल्या एका कंपनीचा माणूसही तेच लावा म्हणून मागं लागला होता. त्यांना त्यात भर घालून, कोड कुणाला न दाखवता, कुलूपबंद विकायचं होतं. पडद्यावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात देऊ, म्हणाला.

त्याच आठवड्यात हिर्डोशीला गेले. मावशींची भातलावणी उरकली होती आणि उरलेल्या तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी त्यांनी बांधावर ठेवल्या होत्या. ज्याला रोपं कमी पडली त्यानं न्यायच्या, अशी तिथली रीत. एक शेजारी घेऊन निघाले तशा मावशी ओरडल्या, “उरला तर तुमच्या बी बांधावर ठिवा! कुजवू नगा!”

“मावशी, दिलात ना? मग अट कशाला?”

“अट न्हाई घातली तर एकाच्याच वावरात संपंल की. म्या काय त्याला एकट्याला दिलाय व्हय?”

भोरला उतरल्या उतरल्या मी दुसरं लायसन्स लावलं. कंपनीवाला म्हणाला, “मग आम्ही हात लावणार नाही.” मी म्हटलं, “नका लावू.” इतक्या सुखानं नकार मी कधी दिला नव्हता.

दिवाळीनंतर वेल्ह्याहून बाईंचा कोड परत आला, अटीप्रमाणे उघडा. तोरण्याखालच्या गावांतही रेंजची बोंब, म्हणून त्यांनी रेंज असलेल्या जागी एक फोन ठेवून तो भोंग्याला जोडला होता. गाडी सुटली की एक लांब, रद्द झाली तर दोन आखूड. मी तसाच भोंगा हिर्डोशीत शाळेच्या पत्र्यावर बसवला; तिथं रेंज येते आणि आवाज वर मावशींच्या घरापर्यंत जातो.

परवा गेले तर मावशींची पाटी भरून तयार होती आणि त्या चुलीपाशी बसल्या होत्या.

“बस. भोंगा वाजंस्तवर च्या हुतोय.” कप पुढं करत म्हणाल्या, “लई झ्याक काम केलंस गं.”

“मी नाही मावशी. वेल्ह्याच्या बाईंनी केलंय.”

हे सांगताना मला जराही जड गेलं नाही. चहा गुळाचा होता, चांगला कडक. आम्ही दोघींनी तो बसून प्यायला.