बोर्गहिल्डची डावी बाजू

बोर्गहिल्ड त्वेईत बावीस वर्षं फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीतल्या, फेरीबोटीवर दोर टाकायची. एका सकाळी बोट धक्क्याला लागताना तिच्या डाव्या हातातून दोर निसटला, पाय अडखळला आणि ती गाड्यांच्या रांगेपुढेच आडवी झाली. वरून कप्तान आइविंड स्कारे कर्ण्यातूनच ओरडला, "काय गं, सकाळी सकाळीच घेतलीस का?" गाड्यांतली माणसं खो खो हसली.

फुंकून घेतलेल्या चाचणीत दारूचा थेंब सापडला नाही. "मग नशेच्या गोळ्या घेत असेल," असं अहवालात लिहून आइविंडने तिला डेकवरून हलवलं आणि कॉफीच्या काउंटरमागे उभं केलं. कप घेताना लोक तिच्या तोंडाचा वास घ्यायला वाकायचे. सख्ख्या बहिणीनेही विचारलं, "खरं सांग, कधीपासून पितेस?" त्यानंतर बोर्गहिल्डने तिचं दार वाजवलं नाही.

शेवटी शहरातल्या इस्पितळात डॉक्टर तुरिडने तिला तपासलं आणि दोन्ही मनगटं, घोटे नि कमरेवर बिस्किटाएवढे सेन्सर बांधले. "आठवडाभर नेहमीसारखं चाला, काम करा. हे हालचाल टिपत राहतील."

आठव्या दिवशी पडद्यावर उजव्या हाताची रेघ लाटेसारखी वरखाली होत होती. डाव्या हाताची जवळजवळ सपाट.

"चालताना तुमचा डावा हात हलतच नाही. डावं पाऊलही घासतं. मला शंका होतीच. हा पार्किन्सन आहे, बोर्गहिल्ड." डॉक्टरने रुमालांचा डबा पुढे सरकवला.

बोर्गहिल्डने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "याचा दारूशी संबंध?"

"काडीचाही नाही."

"तसं लिहून द्या. शिक्क्यासकट. आणि मोठ्या अक्षरांत, आमच्या कप्तानाला जवळचं दिसत नाही."

ते वाचून बोटीच्या कंपनीने माफीचं पत्र बंद पाकिटात पाठवलं. तिने ते परत केलं. "माझी अब्रू कर्ण्यातून घालवलीत, भरपाईही कर्ण्यातूनच हवी," असं तिने युनियनला सांगितलं, आणि युनियन तिच्या मागे उभी राहिली.

शनिवारी बोट गच्च भरलेली असताना आइविंडने कर्ण्यातून माफी वाचायला घेतली. "माझा आरोप खोटा होता" इथे त्याचा आवाज चिरकला.

डेकवरून बोर्गहिल्ड ओरडली, "मागच्या गाड्यांना ऐकू नाही आलं रे! पुन्हा वाच!"

त्याने पुन्हा वाचलं.

मग तो खाली उतरला. "चुकलो गं. मला काय ठाऊक तू आजारी आहेस?"

"आजाराचं मी बघून घेईन. तू लोकांना हसवलंस," ती म्हणाली. त्याने पुढे केलेला हात तसाच राहिला.

बोर्गहिल्डचं रोज समोर येणं सोसवेना, म्हणून महिनाभरात आइविंडने उत्तरेकडच्या मार्गावर बदली मागून घेतली. बहीण केक घेऊन आली, रडली, म्हणाली, "आता सोड ना त्याचा पिच्छा."

बोर्गहिल्डने पाण्याबरोबर औषध गिळलं. टेबलावर उत्तरेकडच्या बोटींचं वेळापत्रक उघडं होतं. आइविंडच्या मंगळवारच्या फेरीभोवती तिने उजव्या हाताने गोल केला.